घरी ध्वनिमुद्रित केलेला अभंग: तबला बेसूर लागतोय, शब्द पेटीखाली बुडताहेत. चुका सांगा

उंबरठा

नमस्कार मंडळी. शब्द माझे, चालही माझीच. देवद्वार छंद, म्हणजे चरणांत अक्षरं सहा-सहा-सहा-चार. चाल भीमपलास रागाच्या अंगाने, पट्टी काळी एक (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर षड्ज), भजनी ठेका, मिनिटाला १३२ मात्रा, लांबी चार मिनिटं. ध्रुवपद आणि पहिला अंतरा असा:

उंबऱ्याशी ऊन । थबकून राही ।
घर कसे काही । बोलत ना ॥

पायरीला ओल । कालच्या सरींची ।
वाट पाखरांची । पाहू किती ॥

आवाज आणि पेटी घरच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत. दोन इनपुटांचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र), एकच कंडेन्सर माइक. आधी पेटी घेतली, मग हेडफोनवर ती ऐकत गायलो. तंबोरा मोबाइल ॲपचा, वायरने थेट. तबला मित्राने त्याच्या गावी फोनवर मुद्रित करून पाठवला. पेटी-आवाजाचा कच्चा ट्रॅक मी त्याला दिला होता, पण तबला त्याने त्याच्याकडच्या तंबोरा ॲपवर लावून घेतला.

अडचणी चार. तबला आणि पेटी दोन्ही काळी एक असूनही एकमेकांत मिसळत नाहीत. ठेका मागे ओढल्यासारखा वाटतो. आवाज हंड्यात तोंड घालून गायल्यासारखा येतो. आणि पेटी सुरू झाली की शब्द बुडतात. इक्यू (खालच्या-वरच्या पट्ट्या कमीजास्त करणारा), कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबणारा), रिव्हर्ब (घुमारा देणारा), लिमिटर (टोकं दाबणारा) सगळं लावून पाहिलं. कोणता प्लगइन वापरू? पूर्ण मिक्स आणि चारही सुटे ट्रॅक चढवले आहेत. कौतुक नको, चुका हव्यात, जमल्यास सेकंदासकट.

पेटीमास्तर

सुटे ट्रॅक दिलेत ते बरं केलंत. नुसत्या मिक्सवरून तबला उतरलेला की पेटी चढलेली हे सांगता आलं नसतं.

प्लगइनचा विचार आत्ता बाजूला ठेवा. आधी सूर, मग लय, मग मुद्रण, मिक्सिंग सगळ्यात शेवटी. बेसूर तबल्यावर रिव्हर्ब घातला की बेसूरपणा खोलीभर पसरतो, एवढंच.

आता सुराचं. पेटीचा ट्रॅक ट्यूनरला लावून पाहिला. तुमची पेटी ४४० ची (पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ, या प्रमाण पट्टीची) नाही, ४४५ च्या आसपास आहे. जुन्या पेट्यांत हे सर्रास असतं, त्यात पेटीचा दोष नाही. पण ॲपचा तंबोरा ४४० वर आहे आणि तबला त्यावरच लावलाय. अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले तर हा फरक साधारण २० सेंटचा. काळी एकचा मधला षड्ज ४४० च्या हिशोबाने २७७.२ हर्ट्झ, तुमच्या पेटीवर तो २८०.३. म्हणजे सेकंदाला तीन ठोके पडणार. सुरुवातीला ०:०४ ते ०:१२ मध्ये पेटी षड्ज धरते तिथे तंबोऱ्याबरोबर हे वॉव-वॉव-वॉव स्पष्ट मोजता येतं. तबल्याची आस (ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद) तेवढी लांबत नाही, म्हणून तिथे ठोके ऐकू न येता नुसतं 'काहीतरी बिनसलंय' असं वाटतं.

तुम्ही पेटी ऐकत गायलात, त्यामुळे आवाज पेटीबरोबर आहे. तेव्हा पेटी-आवाजाला हात लावायचा नाही. तंबोरा ॲपमध्ये सूक्ष्म पट्टीची सोय असते, ती २० सेंट वर करून तंबोरा नव्याने घ्या, पाच मिनिटांचं काम. तबला सॉफ्टवेअरमध्ये २० सेंट वर उचला, मात्र लांबी कायम ठेवून. वेग वाढवून सूर चढवलात तर चार मिनिटांत पावणेतीन सेकंदांचा फरक पडेल आणि ठेका पुढे पळेल. एवढ्याशा उचलण्याने चाटेची (तबल्याच्या कडेवरच्या बोलाची) धार किंचित बोथट होते, ऐकणाऱ्याला कळत नाही. तबला परत वाजवून घेणार असाल तर तबलजींना ॲप नको, पेटीचा षड्ज २० सेकंद धरून पाठवा. गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या काठावर) वरून खाली हलकी हातोडी, आठही जागी सारखी.

पुढच्या वेळेसाठी: मुद्रणाआधी पेटीचे सातही स्वर ट्यूनरवर मोजा. भाता हळू आणि एकसारखा हवा. जोरात दाबलात की हवेच्या दाबाने सूर उतरतो, खालच्या सप्तकात जास्तच. डबल सुराची पेटी असेल तर एकच खटका उघडा ठेवून मोजा, नाहीतर ट्यूनरचा काटा दोन सुरांच्या मधे नाचत राहतो.

चालीबद्दल एकच. 'वाट पाखरांची' वर १:१० ला तुम्ही प ध नी सां असे चढता. भीमपलासात चढताना रिषभ-धैवत वर्ज्य. तिथे धैवत आला की काफी डोकावतो. अभंगाला रागाची सक्ती नाही, मुद्दाम केलं असेल तर राहू द्या. नसेल तर प नी सां घ्या, 'पाखरां' वरची चढण जास्त टोकदार होईल.

अनाहत

माझी एक शंका. सॅम्पल रेटची (सेकंदाला किती हजार नमुने घेतले, त्याची) गडबड तर नाही ना? फोनची फाइल ४४.१ ची आणि प्रकल्प ४८ चा असेल तर सूर बदलतो.

पेटीमास्तर

बदलतो, पण तो असा लपून राहत नाही. ४४.१ ची फाइल ४८ वर जशीच्या तशी वाजली तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. काळी एक थेट पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसेल आणि १३२ ची लय १४४ च्या जवळ जाईल. इथे लय जागेवर आहे आणि तबला चढलेला नसून उतरलेला आहे. शिवाय बहुतेक सॉफ्टवेअर फाइल आत घेतानाच रेट बदलून घेतात.

डग्गेबाज

लय बघू. तबल्याची लहर मोठी करून पाहिली. ०:३६ च्या समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) ठोका शब्दाच्या ३० मिलिसेकंद मागे, ३:५० च्या समेला ४२ मागे. १३२ ला एक मात्रा साडेचारशे मिलिसेकंदांची, तिच्यापुढे ३० म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ठेका ओढल्यासारखा वाटायला तेवढं पुरतं, कारण चूक दर समेला त्याच बाजूला आहे.

यात दोन वेगळी कारणं मिसळली आहेत. पहिलं, तबलजींनी कच्चा ट्रॅक ब्लूटूथ हेडफोनवर ऐकला का? ब्लूटूथमध्ये आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. ते त्या उशिरा आलेल्या आवाजावर बरोबर वाजवतात आणि फाइलमध्ये सगळं मागे पडतं. तुम्ही ते कानाने पुढे सरकवलेलं दिसतंय, पण ३० राहिलं. दुसरं, फोनचं आणि तुमच्या इंटरफेसचं घड्याळ तंतोतंत एकसारखं चालत नाही. दहा लाखांत ५० इतका जरी फरक असला तरी चार मिनिटांत १२ मिलिसेकंद होतात. तुमचे ३० चे ४२ झाले ते इथून आले.

दुरुस्ती: पूर्ण ट्रॅक ३० मिलिसेकंद पुढे घ्या. मग चार जागी, समेच्या जरा आधी, जिथे आस विरलेली आहे तिथे कापा आणि प्रत्येक तुकडा अजून ३, ६, ९ असा थोडा थोडा पुढे. जोडावर १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा उगवणं). जुळवताना पेटीच्या लहरीकडे बघू नका. पेटीचा सूर हळू उगवतो, त्याची सुरुवात नेमकी कुठे हे डोळ्यांना दिसत नाही. 'थबकून' चा ब, 'काही' चा क असे कडक वर्ण पकडा.

पुढच्या वेळी तबलजींना तीन गोष्टी सांगा. वायरचा हेडफोन. कच्च्या ट्रॅकच्या सुरुवातीला चार टाळ्या द्या आणि त्यांनीही त्या टाळ्यांबरोबर फोनजवळ टाळ्या वाजवायच्या, म्हणजे जुळवणी एका मिनिटात होते. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून, व्हॉइस नोट म्हणून नाही.

आता नाद. तुमच्या ट्रॅकमध्ये घे चा (डग्ग्याच्या खोल बोलाचा) घुमारा सुरू होतो आणि मधेच कुणी तोंडावर हात ठेवावा तसा दबतो. हे वाजवण्यातलं नाही. फोनचं साधं रेकॉर्डर ॲप गोंगाट कमी करायला आणि पातळी सारखी ठेवायला स्वतःच हात मारतं, डग्ग्याची आस त्याला गोंगाट वाटते. ते दोन्ही बंद करता येईल असं ॲप घ्यायचं आणि वेव्ह फाइल करायची. फोन समोर दोन फुटांवर, गुडघ्याच्या उंचीला, किंचित डग्ग्याकडे कललेला. फोनच्या माइकला खर्ज कमी कळतो, म्हणून तिकडे झुकतं माप. ज्या सतरंजीवर तबला आहे तिच्यावरच फोन ठेवायचा नाही, जमिनीतून धपधप येते. चुंबळी (तबला-डग्ग्याखालच्या कड्या) करकरत असतील तर खाली जाड पंचा. ०:५२ ला ती करकर ऐकू येते.

दोन माइक मिळाले तर एक तबल्याच्या काठापासून वीतभर वर, तिरका, चाट (कडेची पट्टी) आणि लवेच्या (तिच्या आतला मोकळा भाग) मधे रोखलेला. सरळ शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) डोक्यावर लावला की नुसता टक्क येतो. दुसरा डग्ग्यावर तेवढाच लांब, पण मनगट घासतं त्या बाजूला नाही. दोन्ही एकदम वाजवून एका माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करा. ज्या स्थितीत घे भरदार लागतो ती ठेवा.

उंबरठा

दोघांचेही आभार. ब्लूटूथच होता, विचारून घेतलं. पेटीही मोजली. सा, रे, म, प, ध सगळे १८ ते २२ सेंट वर. कोमल गंधार, म्हणजे पांढरी तीन, २०. पण पांढरी सात फक्त ६ दाखवते. कोमल निषाद तिथेच येतो. घासून नीट करता येईल का?

पेटीमास्तर

येईल, पण तुम्ही करू नका. रीड टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाकडे खरवडली की उतरतो. एकदा गेलेलं पितळ परत येत नाही. आधी वरचं झाकण काढून त्या रीडखालून कागदाची पातळ पट्टी सरकवा. पुष्कळदा तिथे केस किंवा धुळीची गुठळी असते, ती निघाली की सूर आपोआप वर येतो. नाहीच आला तर पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे. या गाण्यापुरतं सांगायचं तर पेटीवर निषाद वाजवूच नका. पंचमावरून थेट षड्जावर जा. निषाद गळ्यात आहे, पुरेसा आहे.

भिंतीला_कान

आवाजाकडे येतो. ट्रॅक एकटा ऐकला. हंडा आहे हे खरं, पण तो इक्यूने जाणार नाही, कारण तो खोलीतून आलाय. माइक भिंतीजवळच्या टेबलावर आहे ना? समोरची भिंत माइकपासून ३४ सेंटिमीटरवर असली तर परतून आलेला आवाज ६८ सेंटिमीटर जास्त चालून, २ मिलिसेकंद उशिरा माइकात शिरतो. मूळ आवाजात मिसळताना तो २५०, ७५०, १२५० हर्ट्झला खड्डे पाडतो आणि त्यांच्या मधले भाग फुगवतो. तुमचा आ-कार नाकातून आल्यासारखा वाटतो तो यामुळे. असे ओळीने पडलेले खड्डे इक्यूने बुजवायला गेलात तर प्रत्येक स्वराला वेगळा इक्यू लागेल.

टेबल सोडा. माइक स्टँडवर, खोलीच्या बरोबर मध्यावर नको आणि कोपऱ्यातही नको. लांबीच्या एक तृतीयांशावर उभे राहा. बहुतेक लोक माइकच्या मागे गाद्या रचतात. पण कार्डिऑइड माइक पाठीमागून खूपच कमी ऐकतो, तो मुख्यतः तुमच्या दिशेने ऐकतो, म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत त्याला दिसते. म्हणून जाड गोधडी तुमच्या पाठीशी हवी. दोरीवर दुहेरी टाकून, भिंतीपासून वीतभर सुटी. दुसरी एका बाजूला. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ केली तरी चालतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका. वरच्या पट्टीतला चरचराट तेवढा कमी होतो, हंडा जागच्या जागी.

माइकपासून तोंड १५ ते २० सेंटिमीटर, पॉप फिल्टर माइकच्या ५ ते ८ सेंटिमीटर पुढे. माइक नाकाच्या उंचीला, खाली तोंडाकडे किंचित झुकलेला, म्हणजे हवेचा झोत त्याच्या खालून निघून जातो. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो, हे कार्डिऑइडचं अंगच आहे. २४ बिट, आणि गेन (माइकची पातळी) इतका की सर्वात जोरकस ओळीलाही काटा उणे १० डीबीच्या वर जाऊ नये. तुमचा २:३१ ला शून्याला टेकलाय, तिथे आवाज चिरलाय. ती ओळ परत गावी लागेल.

पंखा बंद, हे सांगायला नको. तरी ०:०० ते ०:०३ च्या शांततेत बारीक हुंकार आहे, ५० हर्ट्झ आणि त्याच्यावर १००, १५०. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून बघा. बहुतेक जाईल.

'पायरीला' १:०२ आणि 'पाखरांची' १:०९, दोन्ही प फुटलेत. पूर्ण ट्रॅकला खालून १५० पर्यंत छाटू नका, आवाजाचं पोट जाईल. ९० हर्ट्झखाली छाटा आणि त्या दोन जागी लहर मोठी करून पहिला मोठा ढेकूळ तेवढा २०-३० मिलिसेकंदांच्या फेडने उतरवा.

आणि गाण्याबद्दल, तुम्हीच चुका मागितल्यात म्हणून. ०:२१ ला श्वास 'थब' नंतर घेता. ऐकणाऱ्याला 'थब' आणि 'कून' असे दोन शब्द मिळतात. श्वास 'ऊन' नंतर घ्या. सहा अक्षरं आठ मात्रांत बसवलीत, चरणाच्या शेवटी दोन मात्रा रिकाम्या आहेत, त्या श्वासासाठीच आहेत. दुसऱ्यांदा ओळ घेताना २:०४ ला ते बरोबर केलंय. तोच तुकडा उचलून आधी लावता येईल, पण सगळं परत गाणारच असाल तर नकोच.

अनाहत

ही सगळी भानगड क्लिकवर मुद्रण केलं असतं तर झालीच नसती. आणि सुराच्या दोनचार जागा ऑटोट्यूनने बसतील.

डग्गेबाज

क्लिकबद्दल अर्धं पटतं. वेगवेगळ्या गावी वाजवायचं तर काहीतरी सामाईक धागा हवाच. पण टिक-टिक-टिकवर भजनी ठेका वाजवला की तो शाळेच्या कवायतीसारखा लागतो. ठेक्यात डग्ग्याचा झोल मात्रेच्या किंचित मागे येतो, तबलजी क्लिकवर बसायला गेला की तोच पहिला मरतो. मधला मार्ग म्हणजे तबला ॲपचा साधा आठ मात्रांचा ठेका १३२ ला लावून त्यावर कच्ची पेटी आणि कच्चा आवाज घ्यायचा. तबलजींनी त्यावर वाजवायचं. मग ॲपचा ठेका काढून टाकायचा आणि खऱ्या तबल्यावर पेटी आणि आवाज दोन्ही नव्याने घ्यायचे. मुद्रणाचा क्रमच उलटा होतो. उंबरठा यांनी आवाज आधी पक्का केला आणि तबला त्याच्यामागे धावला, ओढाताण तिथेही आहे.

क्लिक वापरलं असतं तरी ब्लूटूथचा उशीर झालाच असता, हेही लक्षात घ्या.

पेटीमास्तर

ऑटोट्यूनबद्दल. ते बारा स्वरांच्या खुंट्यांवर आवाज टांगतं. भीमपलासातला गंधार मध्यमावरून मींडेने (न तुटता घसरत) खाली येतो, त्या मींडेच्या पायऱ्या होतात आणि गाणारा जिना उतरल्यासारखा वाटतो. शिवाय ते ४४० धरून चालतं. तुमची पेटी ४४५. तो आकडा बदलला नाहीत तर बरोबर लागलेला प्रत्येक सूर ते २० सेंट खाली ओढेल. हाताने, एकेक स्वर निवडून दुरुस्त करता येतो. ३:१८ चा लांब पंचम १५ सेंट उतरलाय, तेवढा उचला. बाकी जागा परत गाणं सोपं.

खर्ज

शब्द बुडतात त्याचं मिक्सिंगपेक्षा पेटीवादनाशी जास्त देणंघेणं आहे. सुटी पेटी आणि सुटा आवाज लागोपाठ ऐका. गळ्यातून जे निघतं तेच, त्याच सप्तकात, अक्षराला अक्षर लावून पेटी वाजवतेय. एकाच जागेवर दोघे बसले की पेटी शब्दाच्या अंगावर रेलते. 'उंबऱ्याशी ऊन' ला पेटीने फक्त सा आणि म धरावा, गंधाराला हात लावू नये. 'राही' नंतरच्या दोन रिकाम्या मात्रांत मात्र ओळीचं शेपूट वाजवावं. 'बोलत ना' ला चारच अक्षरं आहेत, तिथे तर अर्धं आवर्तन मोकळं आहे. पेटीची खरी जागा ती. अशी पेटी परत घेतलीत तर इक्यूचं काम निम्म्याने उरेल.

पेटी घेताना माइक भात्याच्या बाजूला नको. वरून, जाळीच्या दीड फूट वर, भात्यापासून दूर झुकलेला. तुमच्या ट्रॅकवर भात्याचा फुस्स आणि खटक्यांची खडखड शब्दांच्या मधे येते.

मग मिक्स. मास्टरवरचं सगळं काढा, लिमिटरसुद्धा. लिमिटरने तबल्याची टोकं दाबली आहेत आणि त्यामुळे पेटी उगाच पुढे आली आहे. क्रम असा: आवाज एकटा, त्याला तबला, मग पेटी, तंबोरा शेवटी. तंबोरा बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटावं, पण चालू असताना वेगळा ऐकू येऊ नये, एवढाच ठेवा.

पेटी १५० हर्ट्झखाली छाटा, तिथे तिचं काही काम नाही, डग्ग्याचं आहे. २ ते ३ हजारांच्या मधे पेटीलाच रुंद २-३ डीबीचा खड्डा करा, शब्दांची धार तिथे असते. आवाजाला ३ हजारला उठाव देऊ नका, तुमचे स आधीच टोचतात, 'सरींची' ऐका. पेटी थोडी डावीकडे, २० टक्के. शब्द सुरू असताना २ डीबी खाली, रिकाम्या मात्रांत परत वर, हे हाताने लिहा. कंटाळवाणं आहे, अर्धा तास लागेल, पण याला पर्याय नाही.

आवाजाचा कॉम्प्रेसर ३ ला १, अटॅक १५ मिलिसेकंद, रिलीज १००, सर्वात जोराच्या जागी काटा ४ डीबी हलला तर बस. तुमचा १२ हलतोय. म्हणूनच ओळींच्या मधला श्वास ओळीइतका मोठा झालाय. रिव्हर्ब वेगळ्या सेंडवर (समांतर वाटेवर), प्लेट प्रकारचा, दीड सेकंद, प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा उशीर) ४० मिलिसेकंद म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर कोरडं येतं. रिव्हर्बच्या वाटेवर २०० च्या खालचं आणि ८ हजारच्या वरचं काढून टाका. डग्ग्याला रिव्हर्ब नको.

शेवटी मोठेपणा. उणे १४ लफ्सच्या (सरासरी मोठेपणाचं माप) आसपास आणि ट्रू पीक (लहरीचं सर्वात उंच टोक) उणे १. यापेक्षा मोठं केलंत तर यूट्यूब ते खाली ओढतं, मग टोकं दाबून काय मिळवलं? उणे १६ झालं तरी अभंगाला शोभतं. वेव्ह, २४ बिट काढा, एमपी३ नाही.

उंबरठा

नवा मिक्स चढवला आहे. तंबोरा २० सेंट वर. तबल्यालाही तेवढंच, शिवाय चार तुकडे करून पुढे सरकवला. पेटी नव्याने घेतली, धरलेले सूर आणि मोकळ्या जागीच हालचाल, निषाद नाही. कागदाची पट्टी सरकवल्यावर पांढरी सात ६ ची १५ झाली, तरी वाजवली नाही. आवाज पूर्ण परत गायलो, पाठीशी दोन गोधड्या. चार्जर काढल्यावर हुंकार गेला. १:१० चा धैवत काढला. मोठेपणा उणे १५.

डग्गेबाज

ठेका बसला. ३:५० ची सम तपासली, ४ मिलिसेकंद इकडेतिकडे, ते हाताचंच. घे चा दबलेला घुमारा फाइलमधून परत येणार नाही, तबलजींकडून नव्याने घ्याल तेव्हाच.

खर्ज

१:१४ ला 'पाहू किती' मधला 'किती' अजून पेटीखाली जातोय, पेटी तिथे आधीच उठते. एक मात्रा उशिरा उठवा. तंबोरा अजून २ डीबी खाली. २:४० नंतर रिव्हर्ब वाढलाय, बहुधा सेंडवर हात राहिला असेल, बघा.

भिंतीला_कान

हंडा गेला. १:०२ चा प ठीक. ०:२१ ला श्वास आता 'ऊन' नंतर आहे, पण तो खूप मोठा ऐकू येतो. श्वास कापू नका, ६ डीबी खाली करा.